कडा

पुस्तकातलं गजकर्ण शहाणं असतं.
गोल. मधे निवळलेलं, कडेला लाल,
दंडावर कुणी तापलेली वाटी दाबून उचलावी तसं.
असं आलं तर डॉक्टर लांबूनच ओळखतात,
माझ्यापर्यंत पाठवतही नाहीत.

माझ्याकडे येतं ते दुसरं.

मिरजेत, किल्ला भागात, जिना चढून डावीकडे
मी खरवडून बघणारी बाई.
बोथट ब्लेड, काच, पोटॅशचे दोन थेंब, मायक्रोस्कोप.
चौदा वर्षं झाली.
याची सोंगं मी मोजायची सोडली.
कॉलेजातल्या पोराच्या गालावर ते मुरमं होऊन बसलं होतं.
एका कंडक्टरच्या एकाच तळहातावर भुकटी, दुसरा हात लख्ख;
मोजे काढायला लावले तेव्हा दोन्ही तळपायांनी कबुली दिली.
सांगलीच्या अड्ड्यातला एक हमाल
पिवळ्या नखांचा आळ हळदीवर घ्यायचा.
हळद धुऊन जाते हो, मी म्हटलं.
तो म्हणाला, आमची न्हाई जात.

हौसाक्का आल्या सावळजहून,
बेदाण्याच्या शेडवरनं थेट,
केसांत अजून देठाच्या काड्या.
कमरेला, परकराच्या नाडीखाली
पातळ, चकचकीत कातडं, जिलेटिनच्या कागदासारखं.
पांढऱ्या रेघा, तुरळक फोड.
कडा कुठेच नाही.
डॉक्टरांनी चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह काढलं होतं. दोन.

ट्यूब लावली का?
लावली की. मेडिकलातली.
सांजच्याला लावली की सकाळी खाज गप.
सोडली की दुप्पट. मग परत ट्यूब.
दीड वरीस झालं.
(ब्लेड टेकवताना त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिल्या,
एखादी तारीख चुकलीय अशा.)
घरात एकच ट्यूब हाय. आत्तीस्नी, धाकट्याला, समद्यांस्नी तीच.
आणि टॉवेल?
त्योबी.
आणि मालक?
त्यांना वाटतंय मी रुसलीया.
वाटू दे.

काचेवरचं विरघळायला वीस मिनिटं लागतात.
त्या बाकावर बसून राहिल्या, पाठ न टेकता.

मग दिसलं.
पेशींच्या ओस वावरात
फांद्या, पेरापेरांच्या, एकमेकींवर पडलेल्या,
खरड छाटणीनंतर तारांवर राहतात तशा.
जिकडं काच सरकवावी तिकडं.

पेशंटला मी कधी दाखवत नाही. वेळ नसतो.
त्या दिवशी का हाक मारली, माहीत नाही.
आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या.
डोळा जरा लांब धरा, म्हटलं.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग, अगं बया,
ही तर भुरी.

मांडवात शिरलं की मला वासानं कळती, म्हणाल्या.
एक पान पांढरं दिसलं तर
ह्यांना रातीचं उठवलंय, औषध मारायला लावलंय,
पाऊण एकरात पानन् पान उलटं करून बघितलंय मी.
आणि तिथंच थांबल्या.
नाडी आवळली. खूप आवळली.
सैल बांधा, मी म्हटलं,
तर हसल्या, आल्यापासून पहिल्यांदा.

डॉक्टरांनी ट्यूब टोपलीत टाकली, गोळ्या लिहून दिल्या,
आणि सांगितलं, आता आधी भडकेल.
लपलेलं वर येईल. भ्यायचं नाही.

तीन आठवड्यांनी जिन्यातच आवाज.
कुठं हायत त्या काचवाल्या बाई?
पदर बाजूला करून त्यांनी आपणच दाखवलं,
लाल, गोल, खवल्यांची रांग धरून,
अगदी पुस्तकातलं.
आली बघा कडा!
खाज सुटली होती भयंकर, बोलता बोलता हात जात होता,
आणि चेहरा असा, की वेलीला डोळा फुटलाय.

मागं बाकावर म्हातारी आत्ती,
धाकटा, कानामागं बोट घालत,
आणि दारातच उभे मालक,
टोपी हातात, चिठ्ठी टोपीत,
नजर फरशीवर.

मी ब्लेड बदललं.